उज्जैनची सावली आणि चारशे किलोमीटरवरचा फुगा

माझ्या भाचीचे सासर उज्जैनला आहे. लग्नानंतर "मामा, एकदा या" असा तिचा धोशा होता आणि शाळेच्या कामातून सवड होत नव्हती. शेवटी २०२५ च्या जून महिन्यात योग आला. महाकालाचे दर्शन घेतले. हे देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभे केले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी, हे आमच्या भागातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. घाटावरून फिरत असताना भाची म्हणाली, "मामा, उद्या एकवीस जून. वेधशाळेत सावली नाहीशी होते ती बघायला जाऊ."

क्षिप्रेच्या काठी जयसिंहपुऱ्यात ही वेधशाळा आहे. माळव्याचा सुभेदार असताना सवाई जयसिंगाने १७२५ च्या सुमारास ती बांधली. दिल्लीची आणि जयपूरची भव्य यंत्रे पाहिलेल्या माणसाला उज्जैनचा पसारा लहान वाटतो. सम्राट यंत्र, नाडीवलय, दिगंश, दक्षिणोत्तर भित्ती, एवढाच संसार. पण जयपूर ही जयसिंगाची राजधानी होती. उज्जैन मात्र भारतीय ज्योतिषाचे मध्यस्थान होते. लंकेपासून मेरूपर्यंत कल्पिलेली मध्यरेषा उज्जैनवरून जाते असे आपल्या सिद्धान्तकारांनी मानले आणि देशोदेशींची वेळ तिच्यापासून मोजली. आज ग्रिनिचला जो मान आहे तो या गावाला शेकडो वर्षे होता. अरबांनी उज्जैनचे 'ओझैन' ऐकले, लिहिताना त्याचे 'अरीन' झाले, आणि त्या नावाने हे गाव युरोपातल्या ग्रंथांपर्यंत जाऊन पोहोचले.

जयसिंगानंतर वेधशाळेची आबाळ झाली. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिची डागडुजी करवली आणि गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. ग्वाल्हेर संस्थानच्या आश्रयाने एक मराठी ज्योतिर्विद मोडक्या यंत्रांतून पुन्हा वेध घेऊ लागतो, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीनेही येत नाही. लढाया येतात, तह येतात. असो.

आम्ही गेलो तेव्हा आकाश ढगाळ होते. दुपारी सव्वाबारानंतर थोडी उघडीप पडली. उज्जैनचा खरा मध्यान्ह आपल्या घड्याळात बाराला होत नाही. आपली प्रमाणवेळ पूर्वेकडची असल्याने तो सुमारे अर्धा तास उशिरा होतो. शंकूभोवती पन्नासेक माणसे, शाळेची मुले, मोबाईल. सावली आखडत आखडत शंकूच्या बुडाशी आली आणि दिसेनाशी झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खरे तर ती पूर्णपणे जात नाही. उज्जैनचा अक्षांश २३ अंश ११ कला आणि त्या दिवशी सूर्य असतो २३ अंश २६ कलांवर. म्हणजे मीटरभर उंचीच्या काठीची चार मिलिमीटर सावली दक्षिणेला उरतेच. पण चार मिलिमीटर बघायला वाकतो कोण?

भाचीचा मुलगा वाकला. वय वर्षे नऊ. वाकून म्हणाला, "आजोबा, आहे थोडीशी." आणि पुढच्याच श्वासात, "भास्कराचार्य इथेच होते ना? त्यांनी न्यूटनच्या आधी ग्रॅव्हिटी शोधली ना?"

आता या प्रश्नाला उत्तर देणे आमच्यासारख्या सीमाभागातल्या मास्तराला अवघड. भास्कराचार्य शके १०३६ चे, म्हणजे इसवी सन १११४ चे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड, एवढे ते सांगतात. ते विज्जडविड कोणते, यावर आमच्याकडे अजून आवाज चढतात. कानडी विद्वान विजापूर म्हणतात. मराठी विद्वान चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख पुढे करतात. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ काढला आणि त्याला १२०७ साली देणगी मिळाली, असे त्यात कोरलेले आहे. मला पाटणचे पारडे जड वाटते. पण तरुणपणी मी या विषयावर वर्तमानपत्रात जी तीन पत्रे लिहिली त्यांत भास्कराचार्यांचे गणित एका शब्दानेही नव्हते, हेही सांगून टाकतो. भास्कराचार्य उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते ही परंपरेने आलेली समजूत आहे. त्यांनी स्वतः तसे लिहिलेले नाही.

मात्र त्यांनी जे लिहिले आहे ते पुरेसे मोठे आहे. पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे, आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि म्हणून ती वस्तू पडते असे आपल्याला दिसते. आता सभोवार सगळीकडे सारखेच आकाश असताना ही पृथ्वी स्वतः कोठे पडणार? हा सवाल बाराव्या शतकातला आहे. न्यूटनने जे केले ते वेगळे. झाडावरचे फळ आणि आकाशातला चंद्र या दोहोंना एकच ओढ बांधते, आणि ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, हे त्याने गणिताने दाखवले. दोघांनाही आपापले श्रेय द्यावे. एकाचे काढून दुसऱ्याला चिकटवू नये.

इथे माझी एक जुनी चूक सांगितली पाहिजे. बारा-तेरा वर्षांपूर्वी विज्ञानाचे सर रजेवर होते म्हणून नववीचा तास मी घेतला. मी इतिहासाचा एम. ए. पण मुख्याध्यापकाला सगळे येते असा मुलांचा समज असतो आणि आपलाही हळूहळू होतो. मी ठणकावून सांगितले, "अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून अंतराळवीर तरंगतात." मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, मग चंद्राला कोण धरून ठेवतं?" मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढं लिही." वर्ग हसला. ती बसली. दहावी होईपर्यंत तिने माझ्या तासाला पुन्हा प्रश्न विचारला नाही.

विज्ञानाचे सर परत आले तेव्हा मी सहज त्यांना विचारले. सर कानडी भाषक, शिक्षण धारवाडचे, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. ते म्हणाले, "सर, मुलीचं बरोबर आहे. वर चारशे किलोमीटरवर ओढ फारशी कमी होत नाही." मी वर्गात परत जाऊन चूक दुरुस्त करायला हवी होती. नाही केली. पुढे ती मुलगी एका लग्नात भेटली, तेव्हा मी तो विषय काढला. तिला आठवत नव्हते. निदान ती तसे म्हणाली.

चारशे किलोमीटर म्हणजे बेळगाव-पुणे अंतरापेक्षा थोडे जास्त. पृथ्वीच्या मध्यापासून आपण आधीच ६,३७१ किलोमीटर दूर उभे असतो. त्यात चारशेची भर पडली तर ओढ कितीशी घटणार? शेकडा ८९ शिल्लक राहते. तेवढ्या उंचीचा मनोरा बांधून त्यावर पन्नास किलोचा मुलगा उभा केला तर काटा चव्वेचाळीसच्या पुढे जाईल. मग अंतराळ स्थानकातली माणसे तरंगतात का? कारण ती सतत पडत असतात. स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने आडवे धावते आणि त्याच वेळी पृथ्वीकडे पडते. पण जमीन वाकडी असल्याने ते जेवढे पडते तेवढी जमीनही खाली वळते. दीड तासात एक प्रदक्षिणा. आतला माणूस, भांडे, पाण्याचा थेंब, सगळे बरोबरीने पडतात, म्हणून कोणी कोणावर भार टाकत नाही. विहिरीत दोर तुटून पडणाऱ्या कळशीतल्या पाण्याला कळशीचा तळ जाणवत नाही, तसे. हिलाच सूक्ष्मगुरुत्व म्हणतात. ओढ नाहीशी होत नाही, भार मात्र हरपतो.

हा भार हरपला की काही पदार्थांचा खरा स्वभाव दिसतो, आणि त्यासाठीच माणसाने वर प्रयोगशाळा नेली. त्यांतल्या एका प्रयोगाची हकीकत मला विशेष वाटते, कारण तिचा एक धागा नागपुरातून आणि बंगळूरमधून जातो.

१८८८ साली प्राग शहरात फ्रीड्रिख रायनित्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्यापासून केलेला एक पदार्थ तापवल्यावर १४५.५ अंशाला वितळला, पण गढूळ राहिला. आणखी तापवला तर १७८.५ अंशाला एकदम नितळ झाला. एका पदार्थाचे दोन वितळबिंदू! रायनित्झरने नमुना जर्मनीतल्या ओटो लेमान याच्याकडे पाठवला. लेमानकडे तापवता येणारा सूक्ष्मदर्शक होता. त्याने पाहिले की तो गढूळ पदार्थ पाण्यासारखा वाहतो आणि प्रकाशाशी मात्र स्फटिकासारखा वागतो. वाहणारे स्फटिक ही कल्पनाच त्या काळच्या विद्वानांना पटेना. तुझ्या पदार्थात भेसळ आहे, असे लेमानला वर्षानुवर्षे ऐकावे लागले.

आम्ही शाळेत हे असे समजावतो. प्रार्थनेला मुले रांगेत, आपापल्या जागी उभी असतात, तो स्फटिक. मधल्या सुट्टीत मैदानावर पळतात, तो द्रव. प्रभातफेरीत सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला असतात पण जागा कोणाचीच पक्की नसते, तो द्रवस्फटिक. आणि प्रभातफेरीत वर्गशिक्षक कडक असले की आठवीचा मुलगा आठवीच्या ओळीत पुढेमागे सरकतो पण नववीच्या ओळीत घुसत नाही. असे थराथराने रचलेले द्रवस्फटिक हा त्यातला खास प्रकार. १९२२ साली फ्रीडेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला 'स्मेक्टिक' हे नाव दिले, तेही साबणावरून, ग्रीक शब्दातून. साबणदाणीत पाणी साचून जो बुळबुळीत लगदा होतो, तोही असाच थरांचा द्रवस्फटिक. रोज सकाळी आपण त्याला हात लावतो आणि वैतागून धुऊन टाकतो.

पुढे १९६८ साली अमेरिकेत द्रवस्फटिकांचा पडदा लोकांसमोर आला, आणि काही वर्षांतच मनगटावरच्या घड्याळात काळे आकडे दिसू लागले. आमच्या लहानपणी आखातातून आलेल्या कोणाच्या तरी हातात ते घड्याळ असायचे आणि त्याच्याभोवती आम्ही घोळका करायचो.

आता नागपूर. शिवरामकृष्ण चंद्रशेखर १९३० साली कलकत्त्यात जन्मले. चंद्रशेखर वेंकट रामन हे त्यांचे मामा. (नोबेलवाले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर ते वेगळे, तेही रामन यांचेच पुतणे. आमची मुले दरवर्षी दोघांचा घोळ करतात आणि मुलांना दोष देता येत नाही.) नागपूर विद्यापीठातून १९५१ साली ते पदार्थविज्ञानात पहिले आले, मग बंगळूरला मामांच्या संस्थेत संशोधन, मग केंब्रिज. १९६१ साली म्हैसूर विद्यापीठात पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झाले आणि तेथे द्रवस्फटिकांकडे वळले. १९७१ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत परत येऊन त्यांनी या विषयाची प्रयोगशाळा उभारली.

तोवर नव्वद वर्षे सर्वांची समज अशी होती की द्रवस्फटिक व्हायचे तर रेणू काडीसारखा लांबट हवा. १९७७ साली चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश यांनी दाखवले की चपट्या, थाळीसारख्या रेणूंचाही द्रवस्फटिक होतो. थाळ्या एकावर एक बसून स्वयंपाकघरातल्या ताटांच्या चळतीसारखे खांब उभे राहतात. पुढे याच जातीच्या रेणूंच्या पातळ फिल्म जपानमध्ये निघाल्या आणि त्यांनी पडद्यावरचे चित्र बाजूनेही नीट दिसू लागले. आणि हा शोध त्यांनी परदेशी नियतकालिकात धाडला नाही, बंगळूरच्या 'प्रमाण'मध्ये छापला. जगाला तो तेथून वाचावा लागला. मला या माणसाचा अभिमान वाटतो तो मुख्यतः यासाठी. १९९१ साली जालहळ्ळीला त्यांनी द्रवस्फटिकांसाठी स्वतंत्र केंद्र काढले. २००४ साली ते गेले. नागपूरकरांनी त्यांना आपले म्हणावे, म्हैसूरकरांनी म्हणावे, तमिळांनी म्हणावे. या बाबतीत मी वर्तमानपत्राला पत्र लिहिणार नाही.

अंतराळातला प्रयोग अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे नोएल क्लार्क यांचा. जर्मनीतल्या माग्डेबुर्गचे संशोधकही त्यात होते. साबणाचा फुगा आपण सगळ्यांनी फुगवला आहे. त्याची कातडी मुख्यतः पाण्याची, म्हणून ती खाली निथळते, सुकते आणि फुटते. थरांच्या द्रवस्फटिकाचा फुगा केला तर त्यात सुकायला पाणीच नाही. त्याची कातडी अवघ्या दोन-चार रेणूथरांची असू शकते. दोन थरांची जाडी मिलिमीटरचा सुमारे दीड लाखावा भाग. इतकी पातळ की त्या कातडीतला रेणू मागेपुढे सरकू शकतो, वरखाली जाऊच शकत नाही. ज्याला लांबी-रुंदी आहे आणि जाडी जणू नाहीच, असा द्रव. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीचे आवरण साधारण याच घडणीचे असते.

या कातडीवर कोठे कोठे जास्तीचे थर साचून गोल ठिपके पडतात. संशोधक त्यांना बेटे म्हणतात. ही बेटे कशी वाढतात, एकमेकांत कशी मिसळतात, मोठे बेट धाकट्याला कसे गिळते, हे पाहायचे होते. जमिनीवर अडचण अशी की जाड बेट जड, ते फुग्याच्या उतारावरून घसरते. बघता बघता सगळी बेटे तळाशी गोळा. शिवाय आसपासची गरम हवा वर जाते, गार खाली येते, तिचा वारा निराळाच. म्हणून १४ एप्रिल २०१५ रोजी सुटलेल्या यानातून ही पेटी आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेली आणि त्या वर्षीच्या जुलैपासून पुढचे काही महिने प्रयोग चालला. सुईच्या टोकावर फुगा फुगवायचा, हवेच्या बारीक झोताने तो ढवळून बेटे पाडायची, सूक्ष्म पिचकारीने त्यावर थेंब टाकायचे आणि कॅमेरा लावून बघत बसायचे. भार नसल्याने बेटे तळाला गेली नाहीत. फुगाभर पसरून राहिली, सावकाश जुळली, वाढली. फुग्याची एक बाजू गरम केली की उष्णतेच्या फरकामुळे बेटे कोठे सरकतात, तेही वेगळे काढून पाहता आले. जमिनीवर हा बारीक ओघ गुरुत्वाच्या गोंगाटात ऐकूच येत नाही.

एवढा खर्च करून फुगे बघायचे का, असे आमच्या शिक्षकखोलीत विचारले गेले. विचारावेच. पण याच क्लार्क यांनी १९८० साली स्वीडनमधील लागरवाल यांच्याबरोबर फार झपाट्याने पालटणारे द्रवस्फटिक दाखवले होते आणि त्यातून चिमुकले पडदे निघाले, हेही उत्तर देताना सांगावे.

आपल्याकडे भारहीन अवस्थेतला प्रयोग थोडा झाला आहे. १० जानेवारी २००७ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेली लहान कुपी बारा दिवसांनी बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरवली, तिच्यात धातूंचे मिश्रण वितळवून गोठवण्याचा प्रयोग होता. त्याआधी १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा रशियन स्थानकावर आठवडाभर होते. तेव्हा आम्ही शाळेत होतो. आणि आम्ही उज्जैनला असतानाच, २५ जूनला दुपारी, शुभांशू शुक्ला निघाले. घरातली झाडून सगळी माणसे दूरदर्शन संचासमोर बसली होती. दुसऱ्या दिवशी ते स्थानकात पोहोचले. मूग आणि मेथी वर कशी रुजते हा त्यांच्या प्रयोगांपैकी एक. भाचीच्या सासूबाईंना तो फार आवडला. "मेथी तर मेथी," त्या म्हणाल्या, "कामाची तरी आहे."

हे स्थानक १९९८ पासून तुकड्या-तुकड्यांनी बांधत आणले. २००० च्या नोव्हेंबरपासून त्यात एकही दिवस माणसाविना गेलेला नाही. २०३० च्या सुमारास ते बंद करून समुद्रात उतरवायचे ठरले आहे. उज्जैनच्या दगडी यंत्रांना तीनशे वर्षे झाली. वरच्या प्रयोगशाळेचे आयुष्य एका मुख्याध्यापकाच्या नोकरीएवढे.

परतण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलगा मला गच्चीवर घेऊन गेला. मोबाईलवर त्याने वेळ काढली होती. पण ढग दाट, काही दिसण्यासारखे नव्हते. पाव तास वाट बघून तो साबणाचे पाणी आणि तारेची कडी घेऊन आला आणि फुगे सोडू लागला. एक फुगा कडीलाच अडकून राहिला. वारा पडलेला होता. "बघ," मी म्हणालो, "रंगाचे पट्टे खाली खाली सरकतायत." तो डोळे बारीक करून बघत होता.

"आजोबा, वरती काळं पडतंय."

"तिथं पातळ झालं. पाणी खाली निथळतंय."

"आणि वर, स्टेशनवर?"

"तिथं निथळणार नाही," मी म्हणालो. "पण का, ते तू सांग."

तो विचार करत राहिला. फुगा फुटला. खालून भाचीने जेवायला हाक मारली.